शेवटचे दोन आकडे

तिसरीच्या बाईंना शाळेत सगळे भिंग म्हणायचे. अर्थात पाठीमागे. पण बाईंना ते ठाऊक होतं, कारण या शाळेत कोण कुणाच्या पाठीमागे काय बोलतं हे बाईंना ठाऊक नसेल, तर मग असायचं तरी कुणाला? एखाद्या पोराने घरून पुठ्ठ्याचं घर करून आणलं की बाकीच्या बाया म्हणायच्या, वा, छान. तिसरीच्या बाई मात्र आधी कडा बघायच्या. कडा सरळ कापलेल्या असल्या की विचारायच्या, "हे बाबांनी कापलं की मामाने?" पोर ततपप करायला लागलं की बाईंचा चेहरा उजळायचा. वीस वर्षं नोकरी झाली होती आणि एकही मामा त्यांच्या हातून सुटला नव्हता.

त्या वर्षी मुख्याध्यापिकांनी दशकांचा आठवडा काढला. प्रत्येक वर्गाने एकेक दशक घ्यायचं, त्या काळातल्या वस्तू जमवायच्या, तेव्हाचे खेळ खेळायचे. शिवाय मधल्या लांब व्हरांड्यात एक कागदाची पट्टी लावली होती, १९५० पासून आजपर्यंतची. तिच्यावर मुलांनी आपापल्या घरातल्या सालांच्या चिठ्ठ्या टाचायच्या. आजोबा नोकरीला लागले ते साल, आईचा जन्म, काकांनी पहिली स्कूटर घेतली ते साल. कुणाला कुठलं दशक यासाठी चिठ्ठ्या काढल्या आणि बाईंच्या वाट्याला ऐंशीचं दशक आलं.

बाईंनी भंगारवाल्याला गाठून एक जुना फोन मिळवला. काळा, जड, बोट घालून गरगर फिरवायच्या तबकडीचा. त्याची वायर तुटलेली होती. बाईंनी तिचं टोक चिकटपट्टीने टेबलाखाली चिकटवून टाकलं, म्हणजे पोरांना वाटावं की ती कुठेतरी जातेय. खेळ सोपा होता. त्या काळी माणसं नंबर पाठ करायची, मोबाइलमध्ये कोंबून विसरून जायची नाहीत. तर प्रत्येकाने घरातल्या एका माणसाचा नंबर पाठ करायचा, कागद न बघता तबकडीवर फिरवायचा आणि त्या माणसाशी चार वाक्यं बोलल्यासारखं करायचं. पाठांतराला दहा दिवस दिले होते. खेळाचे सर मध्येच म्हणाले, "अहो बाई, ऐंशी साली दहा आकडी नंबर कुठे होते?" बाईंनी त्यांच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की सरांना एकदम मैदानावरचं काम आठवलं.

सोमवारी मुलांनी आपापले नंबर कार्डावर लिहून दिले. बाईंनी ते पालकांच्या यादीशी ताडून पाहिले, नाहीतर त्या भिंग कसल्या. एका पोराने केकच्या दुकानाचा नंबर दिला होता, त्याची तिथल्या तिथे खरडपट्टी झाली. बाकी सगळे जुळले. जुळला नाही तो एक, टाचणीचा.

टाचणी हे नाव वर्गातल्या पोरांनी ठेवलेलं. ती अंगाने तेवढीच होती, आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. वर्षभरापूर्वी शाळेत आली तेव्हापासून तिची एकही तक्रार नव्हती, आणि तिनेही कुणाची केली नव्हती.

"कुणाचा गं हा नंबर?" बाईंनी विचारलं.

"बाबांचा."

बाईंनी ते कार्ड वेगळं काढून ठेवलं. टाचणीचा प्रवेशाचा फॉर्म त्यांनी स्वतः भरून घेतला होता. वडिलांचं नाव, व्यवसाय, फोन, या तिन्ही रकान्यांवर तिच्या आईने आडवी रेघ मारून एकच शब्द लिहिला होता: नाहीत. तेव्हापासून या पोरीच्या वहीत बाईंचा लाल पेनसुद्धा जरा हलक्या हाताने चालायचा.

मंगळवारी खेळ सुरू झाला. पोरांना काय, ऊत आला. एकाने आईला फोन लावला आणि म्हणाला, "मला यायला उशीर होईल, मीटिंग आहे, तू जेवून घे." दुसरीने आजोबांना पंधरा मिनिटं झापलं. मग टाचणी आली. तिने कार्डाकडे एकदाही न बघता दहाच्या दहा आकडे फिरवले.

"हॅलो बाबा, मी बोलतेय." ती थांबली. पलीकडचं ऐकतात तसं तिने ऐकलं. "नाही, मीच." पुन्हा थांबली. "बरं." आणि तिने फोन हळूच जागेवर ठेवला.

बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आता तुम्ही म्हणाल, खेळातलं बोलणं ते, त्यात काय एवढं. पण बाईंनी वीस वर्षं पोरांचं खोटंखोटं ऐकलं होतं. खोटंखोटं बोलणारं पोर पलीकडच्या माणसाला आपल्या मनासारखं वागवतं. त्याला खाऊ आणायला लावतं, सुट्टी द्यायला लावतं. या पोरीच्या खेळात पलीकडचा माणूस तिलाच नाही म्हणत होता. हे तिच्या डोक्यातून आलेलं नव्हतं, कानावर पडलेलं होतं. आणि जो माणूस जगातच नाही, त्याचा दहा आकडी नंबर या पोरीला दिला कुणी?

त्याच दिवशी व्हरांड्यात आणखी एक गोष्ट झाली. खेळाचे सर कागदाच्या पट्टीपाशी उभे राहून एकटेच हसत होते. "बाई, तुमच्या वर्गाची कमाल आहे. हे बघा. आईचा जन्म १९८३, आणि आजी-आजोबांचं लग्न १९८९."

अक्षर टाचणीचं होतं. बाईंनी दोन्ही चिठ्ठ्या काढून पर्समध्ये टाकल्या आणि सरांना म्हणाल्या, "दुसऱ्यांच्या घरात डोकावायची सवय बरी नाही." हे त्यांनी म्हणावं यासारखा विनोद नाही, पण सर हसले नाहीत. बाईंनाही हसू येत नव्हतं. आजीचं लग्न असं, बाप तसा, आणि मुलीच्या तोंडी हा नंबर. या घरात कुठेतरी पाणी मुरतंय, याबद्दल त्यांची आता खात्री पटली होती.

बुधवारी मधल्या सुट्टीत त्यांनी शिक्षकांच्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि आपल्या मोबाइलवरून तो नंबर लावला. तिसऱ्या रिंगला एका पुरुषाने उचलला. मागे लोखंडावर हातोडा पडत होता.

"हॅलो. मी एका लहान मुलीच्या संदर्भात..."

"पुन्हा तेच?" तो माणूस खेकसला. "मी तिला सांगितलंय, मी ओळखत नाही म्हणून. तुम्ही घरचे असाल तर तिला आवरा. परत फोन आला तर बघा." आणि फोन कट.

बाई खुर्चीत बसल्या. म्हणजे पोरगी खरोखर फोन करत होती. पुन्हा पुन्हा, एका अनोळखी बाप्याला, बाबा म्हणून. नाही नाही ते विचार त्यांच्या डोक्यात आले. कुणी तिला फशी पाडलंय का, की घरातलंच कुणी मध्ये आहे, आईला यातलं किती माहीत आहे? मुख्याध्यापिकांकडे जायचं तर त्या म्हणणार, आपण एक समिती नेमू. बाईंनी सरळ टाचणीच्या आईला फोन केला आणि उद्या शाळा सुटल्यावर या म्हणून बजावलं. आजींनाही आणा, असंही सांगितलं.

गुरुवारी दोघी आल्या. टाचणीला खेळाच्या सरांबरोबर मैदानावर पाठवून बाईंनी वर्गाचं दार लावलं. मुलांच्या बुटक्या बाकांवर दोघी गुडघे पोटाशी घेऊन बसल्या. आई कपड्यांच्या कारखान्यात काजं करायची. तिच्या बाह्यांवर रंगीबेरंगी दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले होते आणि ती ते एकेक करून वेचत होती. आजी मांडीवर पिशवी धरून खाली बघत होती, आणि बाईंना ते लगेच खटकलं.

बाईंना आडून विचारणं कधी जमलंच नाही. "तुमचे मिस्टर वारले त्याला किती वर्षं झाली?"

आईने मान वर केली. "वारले? कोण म्हणालं?"

"तुम्हीच लिहून दिलंय फॉर्मवर. नाहीत."

"नाहीतच. घरात नाहीत. त्या रकान्यात तेवढंच मावत होतं."

बाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. वर्षभर ज्या माणसासाठी त्या हळहळल्या, तो कुठेतरी धडधाकट जेवत-खात होता.

"दोन वर्षं झाली," आई म्हणाली. "दुसऱ्या गावी असतो. भांडण आमच्या दोघांचं होतं, पण पोरीला सांगून गेला की दर रविवारी येईन. सात रविवार ही नवा फ्रॉक घालून पायरीवर बसली. आठव्या रविवारी मी तिला उचलून आत आणलं आणि सांगितलं, आता या घरात त्याचं नाव नाही, फोन नाही, काही नाही. माझ्या मोबाइलमधूनही काढून टाकला मी तो नंबर."

"मग हा कुठून आला?" बाईंनी कार्ड पुढे केलं.

आईने कार्ड पाहिलं, आणि मग तिने आणि बाईंनी आजीकडे पाहिलं.

"मी दिला," आजी पिशवीकडे बघत म्हणाली. "शाळेतून आलं होतं ना, घरातल्या माणसाचा नंबर पाठ करा म्हणून. ती म्हणाली, आजी, बाबांचा सांग. मला पाठ होता. चार वाजता शाळेतून आली की माझ्याच फोनवरून लावते. मी आत जाऊन बसते. म्हटलं बापलेकीचं बोलणं, आपण कशाला ऐका."

"आई, तू माझ्या पाठीमागे दहा दिवस हे करतेयस?"

"आधी माझं ऐका," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी काल फोनवर त्या माणसाने जे सुनावलं ते शब्दन् शब्द सांगितलं. मंगळवारी टाचणी काय बोलली तेही सांगितलं.

आईचं दोरे वेचणं थांबलं. "पोटच्या पोरीला म्हणतो ओळखत नाही," ती म्हणाली. "बघ आई, कुणाची बाजू घेत होतीस ते."

"तो असा नाही गं. रागीट आहे, पण असा नाही," म्हणत आजी रडायला लागली.

"असाच आहे. बरं झालं, कळलं तिला एकदाचं."

रडणाऱ्या माणसापुढे काय करायचं असतं हे बाईंना कधीच समजलेलं नव्हतं. विषय बदलावा म्हणून त्यांनी पर्समधून त्या दोन चिठ्ठ्या काढल्या. आता ही काही वेळ होती का? पण त्यांचा स्वभाव. "आणि आजी, हे एकदा सांगा. मुलगी त्र्याऐंशीची, आणि तुमचं लग्न एकोणनव्वदचं. मी ते भिंतीवरून काढून ठेवलंय, पण..."

आजीचं रडणं जागच्या जागी थांबलं. "एकोणनव्वद? अहो बाई, काय बोलताय? एकोणऐंशीला लग्न झालं माझं. चार वर्षं मूल नाही म्हणून सासूने माझा जीव नकोसा केला होता, आणि तुम्ही माझं लग्न मुलीनंतर लावताय होय? मी पोरीला नीट सांगितलं होतं, एकोणऐंशी लिही म्हणून."

बाईंना हसू आलं. ते अर्ध्यावर आलं आणि तिथेच थिजलं.

हल्ली शाळेत आकडे सुटे करून शिकवतात. सत्तर नऊ. ऐंशी नऊ. जोडाक्षरांचे आकडे पोरांना जड जातात म्हणून. घरी आज्या मात्र जुनंच बोलतात. एकोण ऐकलं की पोरं शेवटी नऊ लिहितात, ते बरोबर. पण ऐंशी कानावर पडतं, म्हणून नवाच्या आधी आठ लिहून मोकळी होतात. एकोण म्हणजे एक कमी, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. कुणी म्हणजे कुणी, तर तिसरीच्या बाईंनी.

"आजी," बाई म्हणाल्या, "तो नंबर म्हणून दाखवा."

आजीने डोळे मिटले आणि दोन-दोन आकड्यांच्या जोड्या करत म्हणायला सुरुवात केली. बाई कार्डावर बोट फिरवत होत्या. पहिल्या चारही जोड्या बरोबर होत्या.

"आणि शेवटी एकोणऐंशी," आजी म्हणाली.

बाईंचं बोट ८९ वर होतं. त्यांनी कार्ड आईसमोर धरलं. आईला समजायला थोडा वेळ लागला.

"म्हणजे तो नव्हताच," ती म्हणाली.

"नव्हता. भलत्याच माणसाला लागत होता फोन. आणि तो बिचारा खरंच सांगत होता, मी ओळखत नाही म्हणून."

आजी देवाचं नाव घ्यायला लागली. आईने मात्र पुन्हा बाहीवरचा दोरा काढायला घेतला. बाईंची नजर तिच्यावरून हटली नाही. आता ही काय म्हणणार आहे, याचा त्यांना संशय आला होता, आणि तो खरा ठरला.

"मग राहू दे ना, बाई. तिला वाटतंय ते वाटू दे. रडेल महिनाभर, विसरून जाईल. खरा नंबर हातात पडला तर परत पायरीवर जाऊन बसेल. तुम्ही ते बघितलेलं नाही. मी बघितलंय."

बाईंना संताप आला. त्या संतापातही त्यांना कळत होतं की ही बाई अगदीच चूक बोलत नाहीये. सात रविवार तिने काढले होते, बाईंनी नाही. त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या. मैदानावर टाचणी कडेला उभी राहून इतरांच्या उड्या मोजत होती.

"पायरीवर बसली तेव्हा तिला वाटत होतं, बाबा आले नाहीत," बाई म्हणाल्या. "आता तिला वाटतंय, बाबा मला ओळखत नाहीत. पहिलं त्याचं पाप आहे, ते त्याने निस्तरावं. दुसरं तर घडलेलंच नाही. ते तुम्ही तिच्या माथी कसं राहू देणार? मी तर नाही राहू देणार. आकडा मी शिकवायला हवा होता."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिने पुसलंही नाही.

"तुम्ही आकडा शिकवा," ती शेवटी म्हणाली. "फोन मी लावून देईन. उद्या संध्याकाळी, माझ्यासमोर. आणि रविवारी येतो म्हणाला तर मी तिथल्या तिथे तिच्या हातातून फोन काढून घेईन."

"घ्या. तेवढा हक्क आहे तुमचा."

घरी गेल्यावर बाईंनी त्या दुसऱ्या माणसाला फोन करून माफी मागितली. त्याचं गॅरेज होतं. तो आधी चिडला, मग म्हणाला, "बाई, एक उपकार करा, हे सगळं माझ्या बायकोला सांगा. रोज चारला फोन येतो, पोर मला बाबा म्हणतं. तिने घर डोक्यावर घेतलंय." बाईंनी त्याच्या बायकोलाही सांगितलं. तिने चार उलटसुलट प्रश्न विचारून खात्री करून घेतली, आणि बाईंना ती मनापासून आवडली. फोन ठेवताना तो माणूस म्हणाला, "आज नाही आला पोरीचा फोन. बरी आहे ना?"

शुक्रवारी बाईंनी फळ्यावर दोनच आकडे लिहिले, हे एवढाले: ७९ आणि ८९.

"एकोण म्हणजे एक कमी," त्या म्हणाल्या. "वीसला एक कमी?"

"एकोणीस," वर्ग ओरडला.

"तीसला एक कमी?" असं करत करत बाई वर चढत गेल्या. चाळीस, पन्नास, साठ. टाचणीचे ओठ सगळ्यांबरोबर हलत होते. "ऐंशीला एक कमी?" म्हटल्यावर ते थांबले. तिने फळ्याकडे पाहिलं. मग दप्तरातून आपलं कार्ड काढलं आणि बोटांवर काहीतरी मोजलं. बाकीचे नव्वदवर गेले तरी ती ऐंशीवरच होती. मग ती उठून बाईंच्या टेबलापाशी आली.

"बाई, मग तो माणूस कोण होता?"

"एक काका आहेत. गॅरेज आहे त्यांचं."

"बाबा नव्हते?"

"नव्हते."

"म्हणजे, मी तुला ओळखत नाही, असं बाबा नाही म्हणाले."

"नाही म्हणाले."

बाईंना वाटलं, आता ही हसेल. टाचणी हसली नाही. ती बराच वेळ कार्डाकडे बघत राहिली.

"मला वाटलं, माझा आवाज बदलला," ती म्हणाली. "मोठी झाले ना मी. म्हणून मग मी लहानपणीच्या आवाजात पण बोलून बघितलं. बोबडं. तरी ते नाही म्हणाले."

बाईंनी फळ्याकडे तोंड फिरवलं आणि डस्टर हातात घेतलं, पण पुसलं काहीच नाही. वर्गात कुणीतरी खुसखुसलं. एरवी त्याची धडगत नव्हती, पण आज बाईंना ते ऐकूही आलं नाही. थोड्या वेळाने त्या वळल्या आणि टाचणीएवढ्या होऊन तिच्यासमोर बसल्या.

"आवाज तोच आहे तुझा," त्या म्हणाल्या. "आकडा चुकला होता, बाळा. संध्याकाळी आई लावून देणार आहे बरोबर."

"आई?"

"हो, आई."

टाचणीने मान हलवली, आणि जागेवर जाऊन कार्डावरचा आठ खोडायला घेतला.